सोनीबाईची वाटी

घाटघरच्या सोनीबाईला किळस येत नाही अशा गोष्टी जगात दोनच, असं तिचा नवरा सोमाजी सांगतो: ऊन, आणि तिने स्वतः घासलेला तांब्या. बाकी सगळ्याला "शी!" वासराने हात चाटला, शी. पाहुण्याने बशीतला चहा फुर्रकन ओढला, शी. नाणेघाटात धबधबे बघायला आलेली पोरं वेफर्सच्या पुड्या तिच्या बांधावर टाकून जातात. त्या ती दोन काटक्यांच्या चिमट्यात धरून उचलते, आणि उचलताना तोंड असं करते की टाकणाऱ्याने पाहिलं तर त्याला पुन्हा वेफर्स घशाखाली उतरणार नाहीत. घरात तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. सतरंजीची जी बाजू तिची, तिच्यावर सोमाजीनेही बूड टेकायचं नाही.

अशा बाईला देवाने घालावं कुठे? एखाद्या संगमरवरी खोलीत. त्याने घातलं भाताच्या खाचरात. पोटरी बुडेल एवढा चिखल, त्यात शेणखत, कुजलेला पाला, पायाच्या बोटांमधून वर येणारं काहीतरी गार आणि बुळबुळीत, ज्याचं नाव न विचारलेलंच बरं. आणि मजा अशी की त्या चिखलात रोपं लावायला सोनीबाईच्या तोडीची बाई अख्ख्या घाटघरात नव्हती. कारण सोपं होतं. इतर बाया कामाच्या ओढीने लावायच्या, ही चिखलातून लवकर सुटण्याच्या ओढीने. जितकी किळस जास्त, तितका हात झपाझप.

आपल्या या डोंगरपट्ट्यात भाताची आवणी सावडीने चालते. आज सगळ्या बाया तुझ्या खाचरात रोपं लावणार, उद्या सगळ्या माझ्या. ज्याचं खाचर त्याच्याकडे जेवण. आणि जिला वाकता येत नाही, पाय साथ देत नाही, तिने चुलीला बसायचं. ऐकायला हे आरामाचं वाटतं. पण आवणीच्या दिवसांतलं जेवण म्हणजे भात आणि खेकड्याचं कालवण. गडीमाणसं ओढ्यातून खेकडे धरून आणतात, जिवंत, पाटीत खडखडणारे. चुलीवालीने एकेकाचे पाय मोडायचे. पाठीचं कवच उचकटायचं. आतलं पिवळं-हिरवं बोटाने उकरायचं. पाय पाट्यावर ठेचून त्यांचा करडा, फेसाळ रस फडक्यातून पिळून घ्यायचा. तो वास नखांत शिरतो आणि दिवाळीपर्यंत तिथेच मुक्काम करतो.

"चुलीला बसन्यापरीस मी कड्यावरून उडी टाकीन," सोनीबाई म्हणायची. "निदान खाली सोच्छ दगूड तरी आसंल."

आणि नेमका तिचाच गुडघा तिच्या मुळावर आला होता.

लग्न होऊन घाटघरला आली, त्याच्या पुढच्या आवणीतली गोष्ट. पाय चिखलात रुतलेला, गुडघा किंचितच वाकलेला. मागून कुणीतरी रोपांची जुडी फेकली. ती झेलायला सोनीबाई गर्रकन वळली. अंग वळलं, मांडी वळली, पाऊल मात्र चिखलाने धरून ठेवलं. खट्! सोनीबाई बसकण मारून खाली. गुडघा गुडघ्यासारखा राहिलाच नव्हता. जिथे गोल वाटी असायची तिथे खळगा. बाहेरच्या अंगाला कातडी ताणलेली. आणि आतल्या अंगाला हा एवढा गोळा, जणू कातडीखाली कुणी बटाटा कोंबला आहे. सोनीबाईने स्वतःच्या पायाकडे पाहिलं, आधी "शी!" म्हणाली आणि मग किंचाळली.

शेजारच्या झुंबरबाईला बोलावलं. झुंबरबाई गावची हाडं बसवणारी. माणसाची आणि जनावराची सारख्याच मायेने बसवायची, आणि दोन्हींच्या मधे हात धुवायचाच असा तिचा आग्रह नसे. तिने गोळा चाचपला आणि निदान केलं.

"वाटी आत गेली. बाहीर ढकलाया पायजे."

गुडघ्याखाली ओंडका ठेवला. आतला गोळा झुंबरबाईने दोन्ही अंगठ्यांनी बाहेर रेटायला सुरुवात केली. सोमाजीकडे सगळ्यात हलकं काम आलं.

"तू टाच धर आन् वढ. मधी बोलू नको."

सोमाजीने तोंड फिरवलं, कारण त्याला बघवत नव्हतं, आणि टाच धरून पाय ओढला. पाय सरळ झाला. खट्! गुडघा जागेवर. गावाने झुंबरबाईला नारळ दिला, साडी दिली. सोमाजीला सांगितलं, चहा टाक.

इथवर ठीक होतं. पण झुंबरबाईचा उपचार लेपाशिवाय पुरा होत नसे, आणि लेप होता ठेचलेल्या खेकड्याचा. खेकडा आडवा चालतो, म्हणून.

"आडवं गेल्यालं आडव्याच जनावरानं ठिकान्यावर ऱ्हातंय," ती सांगायची, आणि हे इतक्या ठामपणे सांगायची की पुढे प्रश्न विचारण्याची सोय नसे.

तर तो खेकडा, कवच-नांग्यांसकट, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला पळसाच्या पानात बांधून ठेवायचा. पहिल्या दिवशी गार वाटायचं. दुसऱ्या दिवशी माशा यायच्या. तिसऱ्या दिवशी पानाच्या खालून काहीतरी पोटरीवर ओघळायचं. चौथ्या दिवशी गावातली कुत्री सोनीबाईच्या मागे भक्तिभावाने चालायची. सोमाजी ओट्यावर झोपायचा. आणि सोनीबाई, जिला परक्याच्या बशीची शिसारी यायची, ती स्वतःच्याच पायापासून जमेल तेवढी लांब बसायची.

पुढे वर्षा-दोन वर्षांनी हा सोहळा होतच राहिला. गुडघा फिरायचा, झुंबरबाई ढकलायची, सोमाजी ओढायचा, खेकडा कुजायचा. गेल्या साली बायांनी हात टेकले. त्यात पुढे लंकाबाई. सोनीबाईच्या शेजारच्या पट्ट्यात रोपं लावणारी, हाताने चपळ आणि जिभेने त्याहून.

"सोने, औंदा वाटी फिरली ना, तर गपगुमान चुलीला बस," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "दरसाल तुझ्यापायी आर्धा दीस जातो. आमी रोपं लावायची का तुझी वाटी?"

"बशीन की," सोनीबाई म्हणाली. "पर त्या चुलीचं खाशील तवा ध्यानात ठिव, मी खेकडं डोळं मिटून साफ करनार हाय. काय ऱ्हायलं, काय न्हाई, तुझं नशीब."

बाया खदखदल्या. पण शब्द दिला गेला होता. सावडीतला शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

आणि दोनच खाचरं लावून होताहोता वाटी फिरली. तसंच, जुडी झेलताना. फरक एकच, त्या दिवशी सोमाजी खत आणायला जुन्नरला गेला होता.

झुंबरबाई आली. गुडघ्याखाली ओंडका ठेवला. आतला गोळा अंगठ्यांनी रेटला, मग तळव्याने, मग स्वतःच्या गुडघ्याने. गोळा ढिम्म हलेना. सोनीबाई पाय आखडून घेऊन अशी ओरडत होती की नाणेघाटाकडे निघालेली एक मोटार रस्त्यात थांबली. पुण्याची चार पोरं उतरली. त्यांतला एक मोबाईल वर धरूनच आला. स्क्रीनवर त्याला ते बरं दिसत असावं. मग त्याने मोबाईल खाली घेतला, तो गुडघा उघड्या डोळ्यांनी बघितला, आणि तिथेच बांधावर भडाभडा ओकला.

सोनीबाईचं ओरडणं थांबलं.

"शी! आगं बाय, माझ्या बांधावर वकला ह्यो!"

पोरगा इतका शरमला की आपणहून गाडीचं दार उघडून उभा राहिला. सोनीबाईला मागच्या सीटवर चढवलं, चिखल लागू नये म्हणून खाली प्लास्टिकचा कागद. झुंबरबाईही चढली, कारण रोगी तिचा होता. तिच्या हातात पिशवी होती, आणि पिशवीत, वाटेत गुण आलाच तर लेप हाताशी असावा म्हणून, एक जिवंत खेकडा. आपटाळे गावाच्या अलीकडे तो पिशवीतून बाहेर पडला आणि सीटखाली गेला. तो पुढे सापडला की नाही हे त्या पोरांनाच माहीत. सोनीबाई मात्र आरशाला टांगलेल्या अत्तराच्या बाटलीकडे बघून नाक दाबत होती.

जुन्नरच्या दवाखान्यात हाडांची डॉक्टर होती तेजस्विनी, बोरी बुद्रुकच्या शेतकरी घरातली. ती खोलीत आली आणि आधी नळाकडे गेली. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, वर आणखी बाटलीतलं औषध चोळलं. सोनीबाई दुखणं विसरून बघत राहिली.

"लई सालांनी मानूस बघितलं गं, बाय," ती झुंबरबाईला म्हणाली.

डॉक्टरने इंजेक्शन दिलं, बोलण्यात गुंतवून आधीच्या खेपांचं सगळं काढून घेतलं, आणि टाच तळहातावर घेऊन पाय अगदी सावकाश सरळ करत नेला. दुसऱ्या हाताचा अंगठा तिने गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला ठेवला आणि हळूच आतल्या दिशेला दाबला. खट्. इतक्या सभ्यपणे की बाहेर ऐकूही गेलं नसेल.

झुंबरबाई खुर्चीतून उठली. "उलटी ढकलली! बाई, तुमी उलटी ढकलली!"

"आजी, तुम्ही कुठून ढकलत होता?"

"ह्यो काय, आतल्या गोळ्याला."

"तो गोळा वाटी नाही. वाटी बाहेर सरकली की मांडीच्या हाडाचं आतलं टोक उघडं पडतं, ते वर आल्यासारखं दिसतं. भल्याभल्यांना वाटतं वाटी आत गेली. तुम्ही इतकी वर्षं मांडीचं हाड ढकलत होता. ते कशाला हलतंय?"

"मंग बसत कशी व्हती?"

"पाय सरळ केला की बरेचदा आपोआप बसते. पाय कोण ओढायचं?"

नेमका तेव्हाच सोमाजी दारात उभा राहिला. कुणीतरी फोन केला होता. तो खताची गोणी खांद्यावर घेऊनच आला होता, आणि डॉक्टरचा प्रश्न त्याने ऐकला होता. त्याने गोणी खाली ठेवली, टोपी सरळ केली.

"मी," तो म्हणाला.

त्या एका शब्दानंतर सोमाजी पूर्वीचा राहिला नाही, पण ते पुढे.

तेजस्विनीने टेबलावरून गुडघ्याचा प्लास्टिकचा नमुना आणला. सोनीबाईने तो पदराआडून दोन बोटांनी धरला.

"मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला ही पन्हळ आहे बघा, मावशी. पाय वाकवला की वाटी या पन्हळीत घट्ट बसते, मग कुठे जात नाही. पण पाय सरळ असताना, किंवा नुकताच वाकायला लागताना, ती पन्हळीच्या वर मोकळी असते. आणि मांडीचा मोठा स्नायू तिला वर ओढताना जरा बाहेरच्या अंगाला ओढतो."

"मंग धरून कोन ठेवतं?"

"हा." तिने आतल्या बाजूची एक पांढरी पट्टी दाखवली. "हा बंध. आतल्या अंगाला, स्नायूच्या पोटाखाली. वाटीच्या आतल्या काठावर, वरच्या अर्ध्या भागात, हा पंख्यासारखा पसरलेला असतो, आणि तिकडे मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला दोन उंचवटे आहेत, त्यांच्या मधे जाऊन निमुळता होऊन चिकटतो. बाहेर पळणाऱ्या वाटीला आत धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. तुमचा हाच पहिल्या वेळी फाटला. मग दर खेपेला ताणून ताणून सैल झाला."

"बैलाच्या आतल्या कासऱ्यावानी," सोमाजी म्हणाला. "त्यो तुटला का बैल गेला बांधाभाईर."

"तसंच समजा."

"दिसतो कसा पर?" सोनीबाईने विचारलं, आणि विचारल्याचा तिला लगेच पस्तावा झाला, कारण उत्तर सोमाजीने दिलं.

"आगं, बोकड सोलताना कातड्याखाली ती वली, पांढरी झिल्ली निघती बघ. बोटाला चिकाटती. तसा आसनार."

"शी!" सोनीबाईने नमुना टेबलावर टाकला. "ह्ये माझ्यात हाय?"

"हाय कुठं? फाटलाय म्हनत्यात ना बाई."

डॉक्टरने सांगितलं की नवा बंध करून बसवता येतो. आत्ता सूज उतरू द्या, पट्टा लावा, आणि हंगाम झाल्यावर विचार करा. नवा बंध कशाचा, हे विचारताना सोनीबाईचा चेहरा बघण्यासारखा होता.

"बोकडाचा?"

"नाही हो."

"मेलेल्या मानसाचा? खरं सांगा बाई. मी दुसऱ्याच्या तांब्यातलं पानी पीत न्हाई."

"तुमचाच. मांडीच्या मागून एक बारीक दोरी निघते, ती काढून घ्यायची. ती नसली तरी पायाचं अडत नाही."

"म्हंजी चिराफाडी. शी. नगं. मरेपर्यंत पट्टा बांधीन," असं म्हणून सोनीबाई घरी आली.

घरी तिची वाट बघत होती चूल.

उरलेल्या आवणीत सोनीबाई सगळ्यांच्या चुलीपुढे बसली. नाकाला पदर, डोळे अर्धे मिटलेले, समोर पाटीत खेकडे एकमेकांच्या अंगावरून चढत, तोंडाने बुडबुडे काढत. पहिला पाय मोडला तेव्हा तो तुटल्यावरही हलत राहिला. सोनीबाई पाटी सोडून अंगणात गेली. दुसऱ्या दिवशी एका मादीच्या पोटाखाली बारकी पिल्लं निघाली, शेकड्यांनी, तांदळाच्या कणीसारखी वळवळणारी, आणि ती तिच्या मनगटावर चढली. त्यानंतर तिने दोन दिवस जेवण घेतलं नाही. तिकडे खाचरातून लंकाबाईचा आवाज यायचा, "सोने, मीठ बेतानं!" आणि बाया हसायच्या. वासापेक्षा तो आवाज नखांत जास्त शिरला. खेकडे मोडताना तिला प्रत्येक सांध्याच्या आत ती पांढरी, ओली झिल्ली दिसायची, आणि वाटायचं, ह्याला आहे, मला नाही.

शेवटचं खाचर लावून झालं त्या दिवशी ती सोमाजीला म्हणाली, "बाईंला फोन लाव. काढा म्हनावं दोरी. पर आधी हात धुवा म्हनावं."

भात कापून झाल्यावर तिचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातल्या गाद्या, शेजारच्या पेशंटचा खोकला, सलाईनच्या नळीतलं काहीबाही यांबद्दल तिची मतं इथे लिहिण्यासारखी नाहीत. पण व्यायाम तिने चिकाटीने केले. झुंबरबाई रोज यायची, ओट्यावर बसायची, गुडघ्याकडे बघायची आणि उसासा टाकायची. तिचा हात शिवशिवायचा. सोमाजी तर आता पारावर भाषणं करत होता. "वाटी बसवनारा मी व्हतो. नारळ मातर झुंबरबाईला!" कुणाचाही पाय मुरगळला की हा आधी टाच धरायला हजर. शेवटी डॉक्टरनेच त्याला दम दिला की प्रत्येक पायाला ओढायचं औषध चालत नाही.

डॉक्टरने सोनीबाईलाही एक गोष्ट बजावली होती. रुतलेल्या पायावर अंग वळवायचं नाही. आधी पाय चिखलातून उपसायचा, मग वळायचं. नवा बंध नवा आहे. त्याला चिखलाशी कुस्ती खेळायला लावू नका.

यंदाच्या आवणीला सोनीबाई ओटीत रोपं घेऊन खाचराच्या कडेला उभी राहिली. बाया तिच्या गुडघ्याकडे बघायला लागल्या. चुलीपाशी एक पाट रिकामा ठेवलेला होता, सोनीबाईसाठी, हे सगळ्यांना माहीत होतं.

"पाट उचला त्यो," सोनीबाई म्हणाली, आणि चिखलात उतरली. "शी!"

ती लावत होती, पण जुना हात नव्हता. दर वेळी पाय उपसायचा, चप्पकन आवाज व्हायचा, मग ती मागे सरकायची, कारण आवणी उलट्या पावलीच चालते. आजूबाजूच्या बाया कामात पुढे निघून गेल्या. घाटघरच्या आवणीत मागे पडणाऱ्या बाईची एक खास सेवा केली जाते. दोन्ही बाजूच्या बाया तिच्या मागची जागाही लावून टाकतात, आणि ती मधल्या चौकटीत कोंडली जाते. मग तिने एकही रोप न तुडवता बाहेर यायचं, आणि सगळ्यांनी बांधावरून बघायचं. सोनीबाईने आयुष्यभर इतरांना कोंडलं होतं. लंकाबाईला तर कितीदा.

तर लंकाबाईने तिला कोंडलं. हसत हसत शेवटची जुडी लावली, बांधावर चढली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

सोनीबाईने आपली चौकट लावून संपवली. आता तिच्याभोवती सगळीकडे ताजी रोपं होती. पाय पोटरीपर्यंत रुतलेले, गुडघा किंचित वाकलेला, आणि बाहेर पडायचं तर मागे वळायला हवं. हाच तो क्षण, याच अवघड जागी दर खेपेला खट् झालेलं. बांधावरचं हसू थांबलं. सोमाजी कुठूनतरी धावत आला आणि टाच धरण्याच्या तयारीत गुडघ्यावर बसला. झुंबरबाईही आली. ती चुलीवरून उठून आली होती. रिकाम्या पाटावर शेवटी तीच बसली होती, आणि तिच्या बोटांवरून कोपरापर्यंत ते पिवळं-हिरवं ओघळत होतं.

सोनीबाईने वळायला सुरुवात केली, आणि थांबली. मग डावा पाय उपसला. चप्प. तो वळवून दोन रोपांच्या मधे टेकवला. मग उजवा, जो फिरायचा तो. चिखलाने धरला. तिने ओढला नाही. बोटं हलवून हलवून सैल केला, आणि चप्पकन बाहेर काढला. पाऊल अधांतरी, गुडघा अर्धवट सरळ, वाटी मोकळी. आत कुठेतरी तिचीच एक दोरी ताणली गेली, आणि तिने वाटी धरून ठेवली. रोपांवरून पाय पलीकडे गेला आणि टेकला. एकही रोप वाकलं नाही.

शेवटचं पाऊल बांधावर टाकायचं होतं. बांध निसरडा. झुंबरबाई वाकली आणि तिने हात पुढे केला, ढकलायला नव्हे, नुसता धरायला. त्या हाताचा वास सोनीबाईच्या नाकात आधी पोहोचला.

"हात धुतलास का गं?"

"न्हाई," झुंबरबाई म्हणाली.

सोनीबाईने तो हात पाहिला. नखांतलं हिरवं, बोटांमधला चिकट रस, मनगटाला चिकटलेली खेकड्याची एक नांगी. पदर चिखलात भिजलेला, मधे घ्यायला काही नव्हतं. तिने डोळे मिटले, तो हात घट्ट धरला आणि बांधावर चढली.

"शी," ती म्हणाली, आणि बराच वेळ हात सोडला नाही.